आठव्या सफरीचा मान

१

रोज सकाळी अकराला मी ओट्यावर बसतो. एसटीत तेहतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होतो, त्यातली एकवीस आमच्या परतूरच्याच स्टँडवर. माणूस रिटायर होतो, पण जीभ होत नाही. अकरा वाजले की तोंडात आपोआप येतं, "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे." मग विमल आतून विचारते, "लागली का गाडी फलाटाला?" मी म्हणतो, "लागली, येऊ द्या चहा." हा आमचा खेळ सात वर्षांचा आहे. चहा बिनसाखरेचा. माझी साखर डॉक्टरनं नव्हे, विमलनं बंद केली.

ऑक्टोबरातल्या अशाच एका अकराला कुरिअरचा राधेश्याम फाटकाशी थांबला.

"काका, जहाजवाल्यांचं आलंय. पुन्हा जाऊन आले का काय? कळू बी देलं न्हाई."

"कुठं जाऊन राह्यलो बाबा. काकूचा पाय प्लास्टरात हाय."

पाकिटात एक रुपेरी कार्ड होतं, कोटाला लावायचा छोटा नांगर होता आणि पत्र होतं. 'श्रीपतराव, तिसऱ्या सफरीबद्दल अभिनंदन. आजपासून आपण आमचे रुपेरी सदस्य. जो परत येतो, तो घरचा.'

आम्ही दोनदाच गेलो होतो. पहिल्यांदा पुण्याच्या निखिलनं, आमच्या मुलानं, लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसाला पाठवलं. मुंबईहून निघायचं, तीन दिवस पाण्यावर राहायचं आणि परत. कंपनीचं नाव सी-मेहमान. विमलनं अठ्ठावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा समुद्र पाहिला आणि ती तासभर कठड्यापासून हलली नाही. दुसऱ्या वर्षी आम्ही आपणहून गेलो. दुसऱ्यांदा येणाऱ्यांचा तिथं मान असतो. मोठ्या हॉलमध्ये कॅप्टननं माइकवर आमची नावं घेतली, "श्रीपती आणि विमल, परतूर!" आणि पाचशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यभर मी माइकवर गावांची नावं पुकारली, माझं नाव कुणी पुकारलं नव्हतं. मला रडू आलं, हे मी निखिलला सांगितलेलं नाही.

तिसरी सफर ठरली होती खरी. पण निघायच्या आदल्या दिवशी विमल बाजारात पायरीवरून पडली, घोटा मोडला आणि सगळं राहिलं. आरक्षण करून न आलेल्या प्रवाशापुढं कंडक्टर गैरहजर लिहितो. जहाजवाल्यांनी हजर लिहिलं असणार. मी कार्ड टीव्हीवर ठेवलं आणि चहा प्यालो.

२

तरी नियमानं फोन केला. चूक दिसली की कळवायची, ही नोकरीतली सवय.

"वेलकम बॅक, सर!" तृप्ती नावाची मुलगी होती. "मी आवाजावरूनच ओळखलं. विमल मॅडमचा पाय कसा आहे?"

"पाय बरा हाय. पन तुम्हाला कसं कळलं?"

"तुम्हीच सांगितलंत की सर, जहाजावर. म्हणूनच त्या आल्या नाहीत ना या वेळी?"

मी तिला समजावलं, की बाई, मी आलोच नव्हतो. निघायचं होतं त्या गुरुवारी मी जालन्याच्या दवाखान्यात होतो, दुपारी दोनला ऑपरेशनच्या कागदावर सही केली. ती हसली. "सर, तुम्ही किती मस्करी करता! चढताना प्रत्येकाचा फोटो निघतो. पाठवते मी."

फोटो दहा मिनिटांत आला. जहाजाचा जिना, कठड्यावर हात ठेवून वर चढणारा माणूस. चेहरा अर्धा वळलेला, जरा पुसट. कान माझा, टक्कल माझं, उभं राहण्याची ढब तर अगदी माझी. मी म्हटलं, जुना फोटो असेल, दुसऱ्या सफरीतला. मोबाइल विमलपुढं धरला.

तिनं तो बोटांनी मोठा केला. मग बराच वेळ बाहीकडे बघत राहिली.

"हा चॉकलेटी चौकड्याचा हाय. निखिलनं ह्या गनपतीत आनलेला."

"मंग?"

"ह्याचं मनगटाचं बटन तुटलं, तवा चॉकलेटी दोरा संपला व्हता. म्या निळ्यानं लावलं." तिनं बटणावर बोट ठेवलं. दोरा निळा होता. "अहो, हा शर्ट आपल्या घरात न्हाईच. तो द्वारकाबाईकडं हाय. प्रस्थानाच्या गाठोड्यात."

३

प्रस्थान ठेवायची आमच्याकडे पद्धत आहे. मुहूर्त मंगळवारचा आणि गाडी गुरुवारची, असं झालं की मंगळवारी मुहूर्तावर प्रवाशाचं एक वस्त्र, मूठभर तांदूळ आणि सुपारी रुमालात बांधायची आणि जायच्या दिशेला कुणाच्या घरी नेऊन ठेवायची. त्या घडीला माणूस निघाला असं धरतात. मग गुरुवारी जाता जाता गाठोडं उचलायचं की झालं. जायचं रद्द झालं, तर ज्यानं ठेवलं त्यानं स्वतःच्या हातानं ते घरी परत आणायचं. मी या गोष्टी मानत नाही. विमल मानते, आणि मी विमलला मानतो, तेव्हा दोन्ही सफरींना ठेवलं होतं, तिसरीलाही मीच नेऊन ठेवलं. बायको नवऱ्याबरोबरच जाणार म्हणून गाठोडं एकच, माझ्या नावाचं.

परत आणायचं मात्र राहून गेलं. घोटा, ऑपरेशन, कमोड खुर्ची, त्यात कुणाला सुपारी आठवते!

द्वारकाबाई आमच्या पश्चिमेला, चार घरं सोडून राहतात. एकट्याच असतात. गेलो तेव्हा त्या गहू निवडत होत्या.

"वैनी, आमचं गाठोडं देता का?"

त्यांनी सूप खाली ठेवलं. "कोन्तं गाठोडं? ते तं तुमीच नेलं की भाऊजी. गुरवारी दुपारी."

"गुरवारी मी जालन्याला व्हतो वैनी."

"आता तुमाला वळखत न्हाई का मी? तुमी आले, चपला बी काढल्या न्हाईत, सरळ देवळीपाशी गेले. मी म्हन्लं घाई असंल गाडीची. विमलचा पाय कसा हाय इचारलं, तं बोलले बी न्हाईत. मला राग आल्ता, खरं सांगते."

द्वारकाबाईंच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. दुपारचं ऊन दारातून येतं, समोरच्याचा नुसता आकार दिसतो. कुणी भुरटा चोर आला असेल, असं मी घरी येईपर्यंत स्वतःला तीनदा सांगितलं. पण चोरानं भिंतीतल्या देवळीतलं चांदीचं निरांजन सोडून सुपारी का न्यावी, हे मला जुळवता येईना. विमलला मी एवढंच सांगितलं की गाठोडं सापडत नाही.

ती म्हणाली, "निघालेलं मानूस हाय ते. परत आनायला पायजे व्हतं."

४

मग पाकिटं येत राहिली. दिवाळीआधी चौथ्या सफरीचं आलं. डिसेंबरात पाचवं, सोनेरी कार्ड आणि माझ्या नावाचा चिनी मातीचा मग. जहाज दोन-तीन आठवड्यांनी सुटतं, आणि तो बहुतेक त्याच्यावरच राहत असावा. 'तो' म्हणायला मी कधी लागलो, हे आता सांगता येणार नाही.

सोनेरी कार्डाबरोबर दोन पानांचं पत्र होतं. जुन्या प्रवाशांच्या आवडीनिवडी ते लिहून ठेवतात. डेकवर डावीकडची तिसरी खुर्ची. जेवणात वरून कच्चं तेल. 'आणि लग्नानंतरच्या पहिल्या एसटी प्रवासाची आपण सांगितलेली गोष्ट आमचा कुणीही कर्मचारी विसरणार नाही. विमल मॅडमना मळमळलं, आणि आपण क्षणाचाही विचार न करता डोक्यावरचा गुलाबी फेटा त्यांच्यापुढं धरलात.'

कुंभार पिंपळगावहून नवरी घेऊन येत होतो, एसटीनंच. ही गोष्ट कुणाला न सांगायची शपथ विमलनं मला घातली होती. इतक्या वर्षांत मी ती आईला, भावाला, निखिलला, कुणालाही सांगितली नाही.

पत्र वाचून मला आणखी एक गोष्ट कळली. फेटा होता हे आठवत होतं, एसटीच्या खिडकीच्या दांड्या आठवत होत्या, पण फेट्याचा रंग आठवेना. गुलाबी, असं पत्रात होतं म्हणून मी धरून चाललो.

मी सगळं निखिलला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, कुणीतरी तुमचं आधार वापरून फिरून राह्यलंय. मी बघतो." चांगला मुलगा आहे. त्याच्या बोलण्यानं मला दोन दिवस झोप लागली.

५

पेन्शनवाल्यानं वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे दाखवायचं असतं. आता ते मोबाइलपुढं तोंड करून होतं. मी दर वर्षी स्टँडसमोरच्या ई-सेवा केंद्रात जातो. या वेळी तिथल्या माणसानं चार वेळा मोबाइल धरला, चष्मा काढायला लावला, उजेडात उभं केलं.

"काका, चेहरा जुळंना."

"अरे, माझाच हाय तो."

"तुमचाच हाय हो. पन ते मानंना."

त्याच्या बोलण्यात काही वाईट नव्हतं. तिथून मी स्टँडवर अप्पारावच्या टपरीवर गेलो. एकवीस वर्षं मी त्याच्याकडे चहा प्यालो. त्याच्या पोरीच्या लग्नात अक्षता वाटल्या. मी बाकावर बसलो. त्यानं चहा पुढं केला आणि फडक्यानं टेबल पुसत विचारलं, "कुटून आले पाव्हणं? जालन्याची गाडी आत्ताच गेली बघा."

चहात साखर होती. मी तो प्यालो, दहाची नोट ठेवली आणि उठलो. अप्पाराव सत्तरीला आला, विसरत असेल. द्वारकाबाईंना मोतीबिंदू, अप्पारावला विसर, मोबाइल बिघडलेला. सगळ्यांना एकदम काहीतरी व्हायला काय झालं होतं, हा प्रश्न मात्र घरापर्यंत माझ्याबरोबर आला.

विमलला मी त्या दिवशी सगळं सांगितलं. ती माझ्या तोंडाकडे बघत ऐकत होती, मग म्हणाली, "तुमीच जा. जहाजावर जा आन गाठोडं हिसकून आना. आपलं हाय ते." मला बरं वाटलं. पाय धड असता तर ती माझ्याबरोबर आलीही असती.

मी तृप्तीला फोन लावला. पुढच्या जहाजाचं एक तिकीट पाहिजे म्हटलं, नाव सांगितलं.

"पण सर, पुढच्या सफरीवर आपण आहातच," ती म्हणाली. "त्याच्या पुढच्याही."

६

जानेवारीत विमल काठी सोडून चालायला लागली. मी खूश होतो. पेन्शन अडली तरी निखिल आहे, अप्पारावनं ओळखलं नाही तर चहा घरी आहे. मला त्यांचं काही वाटत नव्हतं. विमल मला ओळखते आहे तोवर कुणाचीच गरज नाही, असं मी रोज अंघोळीच्या वेळी स्वतःला बजावत होतो. भीती कशाची होती, हे यावरून कळावं.

संक्रांतीनंतरच्या बुधवारी अकराला मी ओट्यावर बसलो. घड्याळात ठोके पडले. मी वाट पाहिली. आतून भांड्यांचा आवाज येत होता. शेवटी मीच म्हणालो, "लागली बरं का गाडी फलाटाला!"

भांड्यांचा आवाज थांबला. विमल दाराशी आली. तिनं पदर सारखा केला. घरच्या माणसासमोर ती पदर सारखा करत नाही.

"चहा टाकू ना?" ती म्हणाली. आणि जरा थांबून, "साखर घेता का तुमी?"

मी हसायचा प्रयत्न केला. "विमल, अगं, तूच बंद केली माझी साखर."

ती गोंधळली. कपाळ चोळलं. "हां, हां. बिलकुल ध्यानातून गेलं बघा," म्हणाली आणि आत गेली. मी तिच्या मागं गेलो, तिचे दोन्ही हात धरले आणि विचारलं, "एसटीत तुला मळमळलं, तवा मी काय केल्तं?"

तिचे हात ताठ झाले. तिनं ते सोडवून घेतले, हळूच, पाहुण्याला वाईट वाटू नये म्हणून घेतात तसे.

"ती गोष्ट," ती म्हणाली, "तुमाला कुनी सांगितली?"

७

शनिवारी सकाळी विमल लवकर उठली. अंगण झाडलं, फाटकाशी रांगोळी काढली, केसांत फूल घातलं. मी बाहेरच्या खोलीत कॉटवर होतो. तीन दिवसांपासून माझं अंथरूण तिथंच होतं. तिनं मला काही म्हटलं नव्हतं, नुसती उशी आणून ठेवली होती.

"कोन येनार हाय?" मी विचारलं.

"आमचे हे येऊन राह्यलेत." तिचा चेहरा उजळला होता. असा चेहरा मी एकदाच पाहिला होता, जहाजावर, नाव पुकारल्यावर. "लई दिवस झाले जाऊन. जल्दी आवरते. तुमचं बी पानी तापलंय."

मी मोबाइल घेऊन मोरीत गेलो, कडी लावली आणि तृप्तीला फोन केला.

"आपण कोण बोलताय?" ती म्हणाली.

"तृप्ती, मी श्रीपती. परतूर."

"माफ करा, सर. श्रीपती सरांचा आवाज मी ओळखते." आवाज गोडच होता, पण अनोळखी माणसाशी बोलतात तसा. "त्यांची काल आठवी सफर पूर्ण झाली. ते आमचे मोती सदस्य झाले. कॅप्टननं स्वतः माइकवर नाव घेतलं. सगळा हॉल उभा होता."

"आता कुठं हाय तो?"

"मोती सदस्यांना आम्ही घरपोच सोडतो, सर. मुंबईहून गाडी रात्रीच निघाली आहे. अकरापर्यंत पोचतील. आपण त्यांचे कोण?"

मी फोन बंद केला. बाहेर घड्याळात पावणेअकरा झाले होते.

मी ठरवलं की त्याला दारात येऊ द्यायचं नाही. गाठोडं त्याच्या हातात असणार. ज्यानं ठेवलं त्यानं स्वतःच्या हातानं घरी आणायचं, एवढाच तर नियम होता. फाटकाबाहेरच गाठायचं, हिसकायचं आणि आधी उंबरा ओलांडायचा. मी अनवाणीच बाहेर गेलो आणि फाटकापाशी, रस्त्यात उभा राहिलो. समोरच्या घरात कुणाचा तरी मिक्सर चालू होता. चार घरांपलीकडे द्वारकाबाई ओट्यावर उभ्या होत्या, कपाळावर हात आडवा धरून रस्त्याकडे बघत होत्या.

अकराला पांढरी गाडी आली. ती माझ्या आणि फाटकाच्या मधे थांबली. पलीकडचं दार उघडलं, बंद झालं. मी गाडीला वळसा घालून धावलो, पण पायात खडा रुतला आणि मी बोनेटवर हात टेकला. त्या दोन सेकंदांत तो फाटकातून आत गेला होता. मला दिसली ती मान, उन्हानं रापलेली, खाऱ्या वाऱ्यात महिनोन् महिने बसलेल्या माणसाची. चॉकलेटी बाही. मनगटाशी निळा दोरा. हातात रुमालाचं गाठोडं. चपला त्यानं काढल्या नाहीत.

विमल उंबऱ्यावर भाकरीचा तुकडा आणि तांब्या घेऊन उभी होती. लांबचा प्रवास करून आलेल्या माणसावरून ओवाळून टाकायला.

"विमल!" मी ओरडलो. "तोंडाकडं बघ त्याच्या! नीट बघ!"

तिनं बघितलं. त्याचं तोंड मला दिसत नव्हतं, तिचं दिसत होतं. ती क्षणभर थबकली, एवढं मी शपथेवर सांगेन. मग तिनं मान खाली घातली, तीनदा भाकरतुकडा ओवाळला, तीनदा पाणी ओवाळलं. ओवाळलेलं टाकताना बघायचं नसतं. तिनं न बघता तो तुकडा फाटकाबाहेर भिरकावला. तो माझ्या पायाशी येऊन पडला.

गाडी निघून गेली. आमच्या दाराची कडी आतून लागली. मागच्या महिन्यात मीच तिला तेल घातलं होतं, म्हणून आवाज अगदी हलका आला. मग उघड्या खिडकीतून विमलचा आवाज आला, कितीतरी दिवसांनी पहिल्यासारखा खेळकर.

"लागली का गाडी फलाटाला?"

आतून कुणी काय म्हणालं ते मला ऐकू आलं नाही.

"टाकते की," ती म्हणाली. "बिनसाखरेचाच टाकते."

मी बराच वेळ तिथं उभा होतो. राधेश्याम सायकलवरून गेला, त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि घंटी वाजवून मला बाजूला केलं. ऊन चढलं. ओवाळून टाकलेला तुकडा कुणी खात नाही, आमच्याकडे कुत्र्यालाही खाऊ देत नाहीत. पण सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं. मी खाली वाकलो आणि तो उचलला.